बर्फावर धावणाऱ्या माणसामागचं गाव

1975 साली कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एका बेटावरच्या गावात मतदान झालं. प्रश्न एवढाच होता, गावात टीव्ही येऊ द्यायचा का? उपग्रह आकाशात पोहोचला होता, सरकार तयार होतं, आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये पडदे उजळू लागले होते. इग्लूलिक नावाच्या त्या गावानं नाही म्हटलं. 1979 मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हाही उत्तर तेच आलं. त्यामागचं कारण साधं होतं. दक्षिणेकडून येणारे कार्यक्रम इंग्रजीत होते, माणसं तिकडची होती आणि गोष्टीही तिकडच्याच होत्या. गाव इनुइट या मूळनिवासी लोकांचं, त्यांची भाषा इनुक्टिटुट, आणि ती त्या पडद्यावर जवळपास नव्हतीच. घरात एक खोकं आणून बसवायचं आणि मग दिवसभर त्याचंच ऐकायचं, हे इग्लूलिकच्या वडीलधाऱ्यांना मान्य नव्हतं.

ज्या गावानं टीव्ही दोनदा नाकारला, त्याच गावातून 2001 मध्ये ‘अतानार्जुआत’ हा चित्रपट आला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत इनुक्टिटुटमध्ये लिहिलेला, बोललेला आणि दिग्दर्शित केलेला हा पहिला कथापट. कान महोत्सवात त्याला पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द'ऑर’ मिळाला. 2015 मध्ये टोरोंटोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवानं कॅनडाच्या आजवरच्या सर्वोत्तम चित्रपटांसाठी कौल घेतला, त्या यादीत हा पहिला आला. इग्लूलिकची वस्ती आजही दोन हजारांच्या आतबाहेर आहे. हिवाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. झाड तर एकही नाही. अशा ठिकाणी जगाला थक्क करणारा सिनेमा कसा उभा राहिला, हे समजून घेताना मला सिनेमापेक्षाही मोठं काहीतरी सापडलं. एखाद्या समाजाची आठवण पुसून टाकण्याचा प्रयत्न झालेला असतो, तेव्हा ती आठवण परत कशी उभी करतात, हे इथे अक्षरशः टाक्याटाक्यानं बघायला मिळतं.

‘अतानार्जुआत’चे दिग्दर्शक झकारायस कुनुक 1957 मध्ये जन्मले ते कापुइविक नावाच्या शिकारी तळावर. कुटुंब ऋतूंप्रमाणे फिरायचं. सील, वॉलरस आणि कॅरिबू हरणं यांच्यावर जगायचं. साठच्या दशकाच्या मध्यावर सरकारनं सांगितलं की मुलांना शाळेत घाला, नाहीतर कुटुंबाला मिळणारा भत्ता बंद. म्हणून हा मुलगा इग्लूलिकमध्ये येऊन राहिला. शाळेत इंग्रजी शिकला. गावाच्या सभागृहात सिनेमे लागायचे, त्यांच्या तिकिटासाठी तो तिथला मऊ दगड कोरून छोट्या मूर्ती करायचा आणि विकायचा. पडद्यावर जॉन वेन असायचा. घोडदळाचे सैनिक आणि बाण मारणारे ‘इंडियन’ असायचे. कुनुकनी पुढे लिहून ठेवलं आहे की त्या वयात ते मनानं सैनिकांच्या बाजूनं असायचे. मेलेले सैनिक पाहून त्यांनाही धक्का बसायचा. आपल्या शिक्षणानं आपल्याला सैनिकासारखा विचार करायला शिकवलं, हे त्यांना फार नंतर कळलं.

हे वाचताना आपल्या हिंदी सिनेमातले पिसं खोवलेले, आगीभोवती नाचणारे ‘आदिवासी’ आठवल्याशिवाय राहत नाहीत. ती दृश्यं पाहत कुठल्या तरी पाड्यावरचं पोरही वाढलंच असेल, आणि त्यानं स्वतःला त्या पडद्यावर कुठे शोधलं असेल, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारलेला नाही.

1981 मध्ये कुनुक आपली शिल्पं घेऊन मॉन्ट्रियलला गेले. ती विकून आलेल्या पैशांतून त्यांनी व्हिडिओ कॅमेरा आणि तो जोडायला एक टीव्ही संच घेतला, आणि हे सगळं घेऊन ते गावी परतले. गावात टीव्हीचं प्रसारण अजून सुरूही झालं नव्हतं. वडिलांच्या शिकारीच्या गोष्टी टिपाव्यात, एवढाच तेव्हा विचार होता. त्याच सुमारास इनुइटांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली, तिला परवाना मिळाला, आणि आता आपल्या भाषेत काहीतरी दिसेल अशी खात्री झाल्यावर 1983 मध्ये इग्लूलिकनं टीव्हीला होकार दिला. कुनुक त्या संस्थेत काम करू लागले. पण संस्थेचं मुख्यालय आणि पैशाची सूत्रं दूर दक्षिणेत होती. 1990 मध्ये त्यांनी पॉल अपाक अंगिलिर्क, पॉलूसी कुलितालिक आणि मूळचे न्यूयॉर्कचे, पुढे इग्लूलिकला स्थायिक झालेले नॉर्मन कोन यांच्यासोबत ‘इसुमा’ ही आपली निर्मितीसंस्था काढली.

इथे जरा मागे, 1922 पर्यंत जायला हवं. कारण इनुइट माणूस पडद्यावर आला तो कुनुकच्या किती तरी आधी, आणि तो दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून आला.

रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा जगातला पहिला गाजलेला पूर्ण लांबीचा माहितीपट मानला जातो. हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या इनुकजुआक गावाजवळ तो चित्रित झाला. पैसे एका फ्रेंच फर कंपनीचे होते. त्यात नानूक नावाचा शिकारी दिसतो, त्या माणसाचं खरं नाव अलाकारियालाक. पडद्यावरच्या त्याच्या बायका त्याच्या बायका नव्हत्या. त्या काळात इनुइट शिकारी बंदुका वापरत होते, पण चित्रपटात भाल्यानं वॉलरस मारायला लावलं. ग्रामोफोनची तबकडी तो दातांनी चावून बघतो, कारण त्याला यंत्राची ओळखच नाही असं दाखवायचं होतं. इग्लूच्या आत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून अर्धाच इग्लू बांधला आणि त्या उघड्या, गारठलेल्या अर्ध्या घरात कुटुंब ‘झोपलं’. हे सगळं घडवून आणायला इनुइट हातच राबत होते. फिल्म धुण्यासाठी पाणी आणण्यापासून यंत्रांची देखभाल करण्यापर्यंतची कामं त्यांनी केली. ज्याला तबकडी ओळखू येत नाही असं जगाला दाखवलं, त्याच्याच माणसांनी तो चित्रपट तांत्रिकदृष्ट्या शक्य केला होता.

फ्लॅहर्टी निघून गेले. चित्रपटात नायला म्हणून दिसणाऱ्या मॅगी नुजार्लुक्तुक यांना त्यांच्यापासून मुलगा झाला, जोसेफी. बाप आणि मुलगा कधीच भेटले नाहीत. पुढे 1953 आणि 1955 मध्ये कॅनडा सरकारनं इनुकजुआकमधल्या कुटुंबांना जवळपास दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फियोर्ड आणि रिझोल्यूट इथे नेऊन सोडलं. तिथे शिकार मुबलक आहे, आणि नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात महिनोन्महिने अंधार, अनोळखी प्रदेश आणि परतीचा रस्ता बंद. उत्तर ध्रुवाकडच्या निर्जन बेटांवर कॅनडाचा हक्क ठसवण्यासाठी सरकारला तिथे माणसं हवी होती, असं त्या कुटुंबांचं म्हणणं आहे आणि पुढच्या चौकशीतूनही ते पुढे आलं. जोसेफी फ्लॅहर्टी त्या नेलेल्या माणसांपैकी एक. ‘नानूक’मध्ये ज्या लोकांच्या चिवटपणाला जगानं टाळ्या वाजवल्या, त्याच लोकांच्या चिवटपणावर भिस्त ठेवून त्यांना आणखी थंडीत ढकललं गेलं, आणि त्यात चित्रपट करणाऱ्याचा मुलगा होता. कादंबरीत हे लिहिलं तर योगायोग फार झाला असं म्हणून आपण पुस्तक मिटू.

जोसेफीच्या मुलीनं, मार्था फ्लॅहर्टी यांनी, 2009 च्या ‘मार्था ऑफ द नॉर्थ’ या माहितीपटात आपलं ते बालपण सांगितलं. त्याच वर्षी कुनुकनी ‘एक्झाइल’ केला, स्थलांतरित कुटुंबांच्या साक्षींचा. 2010 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं अधिकृत माफी मागितली. चित्रपटांमुळेच माफी आली असं मी म्हणणार नाही. त्यामागे त्या कुटुंबांचा अनेक वर्षांचा लढा होता, शाही आयोगाचा अहवाल होता. पण माफीच्या कागदावर एक घटना नोंदली जाते, आणि पडद्यावर एक म्हातारी बाई सांगते की किनाऱ्यावर उतरल्यावर पहिल्यांदा काय दिसलं. दोन्ही लागतात. नुसता कागद असेल तर पुढच्या पिढीला वाटतं की प्रकरण मिटलं.

‘अतानार्जुआत’ची गोष्ट इग्लूलिकमध्ये शतकानुशतकं सांगितली जात होती. कुनुकनी ती लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली. दोन भाऊ, त्यातला अतानार्जुआत अतिशय वेगानं धावणारा. ओकी नावाच्या माणसाशी वैर. ओकी आणि त्याचे साथीदार झोपलेल्या भावांचा तंबू पाडून वरून भाले खुपसतात. एक भाऊ मरतो. अतानार्जुआत अंगावर एकही कपडा नसताना, अनवाणी, समुद्रावरच्या बर्फावरून जीव घेऊन पळत सुटतो. आज जगभरच्या चित्रपट अभ्यासकांना माहीत असलेलं दृश्य ते हेच. नतार उंगालाक हा अभिनेता खरोखरच्या बर्फावर धावतो आहे, पायाखाली वितळलेल्या पाण्याची डबकी आहेत, आणि आसपास क्षितिजापर्यंत काही म्हणजे काही नाही.

पटकथेसाठी पॉल अपाक यांनी गावातल्या आठ ज्येष्ठांकडून ही गोष्ट ध्वनिमुद्रित केली. प्रत्येकाची गोष्ट थोडी वेगळी निघाली, आणि त्या आठांमधून एक पटकथा विणली गेली. संवाद जुन्या वळणाच्या इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे तरुण नटांना आपलीच भाषा पुन्हा शिकावी लागली. 1998 मध्ये, काम अर्धवट असतानाच, अपाक वारले. पैशांचीही ओढाताण झाली, कारण मूळनिवासी भाषांतल्या चित्रपटांसाठीच्या सरकारी निधीची मर्यादा इंग्रजी आणि फ्रेंच चित्रपटांच्या मानानं फार कमी होती. इसुमानं त्यावर भांडण केलं. शेवटी कॅनडाचं राष्ट्रीय चित्रपट मंडळ सहनिर्माता म्हणून आलं आणि काम पुढे सरकलं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते कपड्यांचं. चित्रपट कित्येक शतकांपूर्वीच्या काळात घडतो. त्या काळचा कॅरिबूच्या कातड्याचा अंगरखा, सीलच्या कातड्याचे बूट, हाडाची आणि दगडाची हत्यारं, कयाक. यातलं काहीच बाजारात मिळत नाही. कातडं कसं कमवायचं, ते दातांनी कसं मऊ करायचं, पाणी आत शिरणार नाही असा टाका कसा घालायचा, हे ज्या म्हाताऱ्या बायकांना येत होतं त्यांनी ते तरुण बायकांना शिकवलं आणि सगळा पेहराव गावातच शिवला गेला. नमुने काही अंशी आठवणीतून आले. आणि काही आले एका अनपेक्षित ठिकाणाहून. 1822-23 च्या हिवाळ्यात ब्रिटिश आरमाराची ‘फ्युरी’ आणि ‘हेक्ला’ ही दोन जहाजं इग्लूलिकजवळ बर्फात अडकून राहिली होती. तिथल्या जॉर्ज लायन नावाच्या कप्तानानं गावकऱ्यांच्या पोशाखांची आणि गोंदणांची बारकाईनं रेखाटनं करून ठेवली होती. साम्राज्याच्या कामानिमित्त आलेल्या एका अधिकाऱ्यानं कुतूहलानं काढलेली चित्रं, सुमारे पावणेदोनशे वर्षांनी त्याच गावातल्या शिवणाऱ्या बायकांच्या उपयोगी पडली.

आपण स्मरण म्हटलं की पुतळा, स्मारक, जयंती यांचा विचार करतो. इग्लूलिकमध्ये आठवण हे हाताचं काम होतं. आजीच्या हातातून नातीच्या हातात जाणारी गोधडी पुन्हा शिवायला घ्यावी तसं ते चाललं. सिनेमाला खरी वस्तू दाखवायची असते, म्हणून ती वस्तू खरोखर बनवावी लागते, आणि बनवायची तर ज्याला येते त्याच्याकडे जावं लागतं. तेही मजुरी देऊन. शाळेनं ज्या ज्ञानाला शून्य किंमत दिली होती, त्या ज्ञानाला चित्रपटाच्या अंदाजपत्रकात पगार होता. तरुण मुलं ज्येष्ठांकडे पुन्हा प्रश्न घेऊन जायला लागली. मधली एक पिढी शाळांच्या वसतिगृहांत वाढल्यामुळे जी साखळी तुटली होती, ती निदान या एका कामापुरती जोडली गेली.

आणि गोष्टीचा शेवट. लोककथेत अतानार्जुआत परततो आणि सूड घेतो, शत्रूंना ठार मारतो. चित्रपटात तसं होत नाही. तो इग्लूच्या जमिनीवर बर्फाचा गुळगुळीत थर चढवतो, स्वतःच्या पायांना शिंगाचे खिळे बांधतो, घसरणाऱ्या ओकीला खाली पाडतो, सोटा उगारतो, आणि तो ओकीच्या डोक्याशेजारच्या बर्फावर मारतो. हत्या इथे थांबली, असं सांगतो. पण गोष्ट एवढ्यावर सुटत नाही. नंतर सगळी वस्ती एकत्र बसते. म्हातारी पानिकपाक सगळ्यांसमोर बोलते, काय काय घडलं ते नाव घेऊन सांगते, आणि ओकी व त्याच्या साथीदारांना वस्ती सोडून जायला सांगते. ओकी तिचा स्वतःचा नातू आहे. क्षमा केली जाते, पण जा म्हणूनही सांगितलं जातं.

समेटाची इतकी स्पष्ट कल्पना मी क्वचितच कुठे पाहिली आहे. त्यात गोडवा नाही. आधी सगळ्यांसमोर सत्य बोललं जातं, त्याची किंमत कुणी तरी मोजतं, आणि मगच उरलेल्यांचं जगणं सुरू होतं. हा बदल चित्रपट करणाऱ्यांनी विचारपूर्वक केला. प्रत्येक पिढी ही गोष्ट आपल्या काळासाठी सांगत आली, तशी त्यांनीही सांगितली.

पुढे 2008 मध्ये कॅनडानं ‘सत्य आणि सलोखा आयोग’ नेमला तेव्हा हाच क्रम देशाच्या पातळीवर आला, निदान कागदावर. एकोणिसाव्या शतकापासून 1990 च्या दशकापर्यंत दीड लाखाहून अधिक मूळनिवासी मुलांना घरापासून दूर निवासी शाळांमध्ये ठेवलं गेलं होतं. भाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायच्या. अत्याचार झाले. हजारो मुलं घरी परतलीच नाहीत. आयोगानं सहा हजारांहून अधिक लोकांचं म्हणणं ऐकलं आणि 2015 मध्ये 94 मागण्यांचा अहवाल दिला. पण त्या शाळांकडे कॅमेरा आयोगाच्या किती तरी आधी वळला होता.

अबेनाकी या मूळनिवासी समाजाच्या अलानिस ओबॉमसॉविन यांनी 1971 मध्ये राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी आपला पहिला छोटा माहितीपट केला, ‘ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी’. उत्तर ओंटारिओतल्या निवासी शाळेतल्या मुलांनी खडूंनी काढलेली चित्रं आणि त्यांचेच आवाज, एवढ्यावर तो उभा आहे. घरच्या नाताळाची चित्रं काढणारी मुलं घरापासून लांब आहेत, हे त्या चित्रपटाला ओरडून सांगावं लागत नाही. ओबॉमसॉविन यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. एखाद्याला भेटायला जाताना त्या आधी फक्त ध्वनिमुद्रक घेऊन जातात, कॅमेरा नाही. माणसाचं पूर्ण ऐकून झाल्यावरच चित्रीकरणाचा विचार. 1990 मध्ये क्वेबेकमधल्या ओका इथे मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या पाइन वृक्षांच्या राईवर आणि दफनभूमीवर गोल्फचं मैदान वाढवायचा घाट घातला गेला. अडथळे उभारले गेले, पोलीस आले, मग लष्कर आलं. 78 दिवस चाललेल्या त्या संघर्षात ओबॉमसॉविन अडथळ्यांच्या आतल्या बाजूला चित्रण करत राहिल्या. त्यातून 1993 मध्ये ‘कानेसताके: 270 इयर्स ऑफ रेझिस्टन्स’ आला. बातम्यांच्या कॅमेऱ्यांनी बाहेरून हातात बंदुका घेतलेली, तोंड झाकलेली माणसं दाखवली होती. ओबॉमसॉविन यांच्या चित्रपटात त्या माणसांना आया आहेत, लेकरं आहेत, आणि मुख्य म्हणजे 270 वर्षांचा जमिनीचा हिशेब आहे.

हा प्रवाह आता रुंदावला आहे. इकालुइटच्या अलेथिया अर्नाकुक-बारिल यांनी ‘तुन्नीत’ हा माहितीपट केला तो इनुइट बायकांच्या चेहऱ्यावरच्या गोंदणांचा शोध घेण्यासाठी. मिशनऱ्यांच्या काळात ती प्रथा दडपली गेली आणि जवळजवळ संपली होती. शोध संपता संपता त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर गोंदून घेतलं. आज उत्तर कॅनडातल्या नुनावुत प्रदेशात तरुण मुली पुन्हा गोंदवून घेताना दिसतात. इग्लूलिकच्याच बायकांचा ‘अर्नाइत’ हा गट 1991 पासून बायकांच्या नजरेतून चित्रपट करतो आहे.

कुनुक मात्र पुन्हा पुन्हा आपल्या लहानपणाकडे वळत राहिले. 2016 मध्ये त्यांनी ‘मालिग्लुतित’ केला. जॉन फोर्डच्या 1956 च्या ‘द सर्चर्स’वरून, ज्याचा नायक होता जॉन वेन. घोड्यांच्या जागी कुत्र्यांच्या गाड्या आल्या, वाळवंटाच्या जागी बर्फ. पळवून नेलेल्या नात्यातल्या बायकांसाठीचा पाठलाग तोच राहिला, पण मूळ चित्रपटाला जो द्वेष व्यापून होता तो वंशाचा मुद्दाच इथे उरला नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसं इनुइट आहेत.

2019 मध्ये ‘वन डे इन द लाइफ ऑफ नोआ पिउगात्तुक’ आला, आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या कला द्वैवार्षिकीत कॅनडाच्या दालनात इसुमाला जागा मिळाली. इनुइट कलाकारांच्या कामानं ते दालन पहिल्यांदाच भरलं. या चित्रपटात घडतं ते इतकंच: 1961 चा एक वसंत, कापुइविकचा परिसर, शिकारीला निघालेली माणसं, आणि बर्फावर चहा-पाव घेत त्यांच्याशी बोलायला आलेला एक गोरा सरकारी माणूस. तळ सोडा, वस्तीत राहायला या, घरं मिळतील, मुलं शाळेत जातील. मध्ये दुभाषा बसलेला. सरकारी माणसाचा राग दुभाषा मऊ करून सांगतो, नोआचा नकार तो आणखी मऊ करून परत देतो. दोन्ही भाषांच्या सबटायटल्स वाचणाऱ्या प्रेक्षकाला सगळं दिसत असतं. त्या गोऱ्या माणसाला स्वतःच्या चांगुलपणाची पूर्ण खात्री आहे, म्हणून तर ते संभाषण इतकं भयंकर आहे. कुनुक स्वतः त्याच भागात जन्मले, आणि काही वर्षांनी त्यांनाही अशाच एका सरकारी हुकमानं गावात यावं लागलं. नोआच्या पिढीतल्या शिकाऱ्यांचे आवाज आणि आठवणी इग्लूलिकमध्ये ध्वनिमुद्रित करून जपलेल्या आहेत. त्या काळच्या स्थलांतरांबद्दल, गाड्या ओढणारी कुत्री मारली गेल्याबद्दल आणि मुलांना नेल्याबद्दल कॅनडा सरकारनं, इग्लूलिक ज्यात येतं त्या बॅफिन प्रदेशातल्या इनुइटांची माफी मागितली, तीही 2019 मध्येच.

ज्यांना हे सगळं पाहायचं असेल त्यांना सुरुवात कुठून करावी ते सांगतो. ओबॉमसॉविन यांचे बरेच माहितीपट राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ‘मूस फॅक्टरी’ तेरा-चौदा मिनिटांचा आहे, तो आधी पाहावा. ‘अतानार्जुआत’ जवळपास तीन तासांचा आहे. पहिल्या अर्ध्या तासात कोण कुणाचं हे कळणार नाही, नावं गोंधळात टाकतील. इग्लूलिकच्या लोकांनी तो आपल्या ओळखीच्या गोष्टीसारखा पाहिला, आपल्याला मात्र थोडा धीर धरावा लागतो. आणि नावं वर सरकू लागली की उठू नका. श्रेयनामावलीबरोबर चित्रीकरणाची दृश्यं येतात. त्यात जुन्या काळच्या माणसांऐवजी आजची जाडी जॅकेटं घातलेले नट दिसतात, धावणाऱ्या नतारच्या पुढे घसरगाडीवरून नेला जाणारा कॅमेरा दिसतो, आणि तो सांभाळणारी, एकमेकांशी इनुक्टिटुटमध्ये बोलणारी गावातली माणसं दिसतात.